दहा बाय चौदाच्या हॉलमध्ये सहा जणांचं शरदातलं जेवण

दसरा, कोजागरी, पाडवा, भाऊबीज, तुळशीचं लग्न. आश्विन-कार्तिकात घरी माणसं जेवायला येतात आणि वन बीएचकेमध्ये पहिला प्रश्न पडतो तो बसवायचं कुठे. परदेशी मासिकांतलं शरदातलं टेबल बघून फार काही हाती लागत नाही. तिथे जाड लोकरी कापड असतं, मेणबत्त्यांच्या रांगा असतात, मधोमध भोपळे मांडलेले असतात. आपल्याकडे पाऊस ओसरला की ऑक्टोबर हीट सुरू होते, मुंबईत दुपारचा पारा ३३-३४ वर जातो, पंखा बंद करायची सोय नसते, आणि लाल भोपळा टेबलावर नाही, घारग्यांत जातो. पुण्या-नाशकात खरा गारवा यायला नोव्हेंबर उजाडतो. म्हणून इथल्या टेबलाची ऊब जाड कापडातून येत नाही. ती येते खाली उतरलेल्या उजेडातून, हाताला लागेल अशा वाढपातून आणि स्वयंपाक करणाराही सगळ्यांबरोबर ताटावर बसण्यातून. पुढची सगळी मापं याच हिशोबाने दिली आहेत: सहा माणसं, स्वयंपाक करणारा त्यात धरून.

आधी टेप काढा

बाजारातलं चार खुर्च्यांचं टेबल साधारण १२० बाय ७५ सेंटीमीटर असतं, म्हणजे ४ बाय अडीच फूट. जेवणाचं स्टीलचं ताट १२ इंची, ३० सेंटीमीटर. काठापासून ३ सेंटीमीटर आत ठेवलं की एका ताटाला ३३ सेंटीमीटर लागतात. समोरासमोर दोन ताटं म्हणजे ६६. पंचाहत्तरातून सहासष्ट गेले, उरले ९. टेबलाच्या मधोमध मिळणारी सगळी जागा ही एवढीच, चार बोटांपेक्षा थोडी जास्त. फुलदाणी, पातेली, पोळ्यांचा डबा, पाण्याचा जग यांतलं काहीही या पट्टीत मावत नाही. ते तिथे कोंबलं की पहिली वाटी दहा मिनिटांत लवंडते.

दुसरी अडचण कोपऱ्यांची. ती टेबल मांडून झाल्यावर लक्षात येते, म्हणून आधीच सांगतो. टोकाला माणूस बसवला की त्याचं ताटही ३३ सेंटीमीटर आत येतं, आणि लांब बाजूला बसलेल्यांच्या ताटांना कोपरा मिळत नाही. १२० च्या टेबलावर दोन्ही टोकांना माणसं बसवली तर लांब बाजूला उरतात ५४ सेंटीमीटर. तिथे तीस-तीसची दोन ताटं बसत नाहीत. एक टोक भिंतीला लावलं तर ८७ उरतात आणि दोन ताटं आरामात मावतात. थोडक्यात, चौकोनी कुटुंबाचं टेबल पूर्ण ताटांसह पाच जणांचं होतं, सहा जणांचं नाही. १० इंची ताटल्या घेतल्या तर सहा जण बसू शकतात, पण मग पोळी वाट्यांवर चढते.

सहा जणांना टेबल किमान १५० बाय ७५ चं लागतं. लांब बाजूंना दोन-दोन, टोकांना एक-एक. तिथे शेजारच्या दोन ताटांत साधारण वीस सेंटीमीटर अंतर राहतं आणि कोपराला कोपर लागत नाही.

टेबल मोठं करायचं, विकत न घेता

वर्षातून सहा-सात दिवसांसाठी मोठं टेबल घरात ठेवण्यात अर्थ नाही. प्लायवूडच्या दुकानातून १८ मिलिमीटरच्या प्लायचा ५ बाय अडीच फुटांचा तुकडा कापून घ्या. त्याचं वजन बारा-तेरा किलो भरतं, दोघांनी सहज उचलता येतो. दुकानदाराला कडा घासून द्यायला सांगा, नाहीतर पहिल्याच जेवणात कुणाच्या तरी साडीला धागा अडकतो.

प्लाय नुसता टेबलावर ठेवू नका, तो सरकतो. मध्ये रबरी जाळीची मॅट घाला, ड्रॉवरमध्ये अंथरतात ती. मॅट नसेल तर ओलसर पिळलेलं टर्किश टॉवेलचं कापड चालतं, पण ते टेबलाच्या पॉलिशवर डाग पाडतं, तेव्हा जेवण झालं की लगेच काढा. प्लाय दोन्ही टोकांना पंधरा-पंधरा सेंटीमीटर बाहेर राहतो. एवढं चालतं. एकाच टोकाला तीस बाहेर ठेवलं तर मात्र कुणीतरी उठताना त्यावर हात टेकतो आणि दुसरं टोक वर येतं. दोन सी-क्लॅम्प (स्क्रूने आवळायचे सुतारी चिमटे) लावता आले तर उत्तम, फक्त ते गुडघ्यांच्या जागी येऊ देऊ नका.

टेबलाच्या काचेवर प्लाय ठेवत असाल तर मॅटआधी एक चादर घाला. खाली खडा राहिला आणि वरून भार पडला तर काच तडकू शकते.

कोण कुठे बसणार

छोट्या हॉलमधली सर्वांत उपयोगी बैठक म्हणजे दिवाण. दहा बाय चौदाचा हॉल म्हणजे ३०५ बाय ४२७ सेंटीमीटर. भिंतीला अडीच फुटी दिवाण, त्याच्या पुढच्या कडेला लागून टेबल, टेबलाच्या पलीकडे खुर्च्या. दिवाणाचे ७५, टेबलाचे ७५, खुर्चीत बसलेल्या माणसाचे ७५. एकूण सव्वादोन मीटर. तरी ८० सेंटीमीटर उरतात आणि त्यातून हातात पातेलं घेतलेलं माणूस जाऊ शकतं. दिवाण नसता आणि दोन्ही बाजूंना खुर्च्या मांडल्या असत्या तरी बेरीज हीच झाली असती. फायदा असा की दिवाण तसाही तिथे जागा अडवून बसलेला असतो, आता तो कामाला लागतो. शिवाय पंखा खोलीच्या साधारण मध्यावर असल्यामुळे टेबल त्याच्या थेट खालून आपोआप बाजूला जातं. पंख्याखाली ठेवलेल्या पोळ्या पाच मिनिटांत कडक होतात आणि भात वरून वाळतो.

बैठकीपासून टेबलाच्या वरच्या पातळीपर्यंत २८ ते ३० सेंटीमीटर हवेत. टेबल ७५ उंच, वर प्लायचे दोन, म्हणजे ७७. खुर्चीची बैठक ४५ वर असते. तिच्यावर पातळ उशी ठेवली की जमतं. दिवाण ४० वर आणि गादी दबून सहा-सात, म्हणजे बरोबर. सोफा मात्र जेवायला नाही. त्याची बैठक दबली की ३८-४० वर येते, टेबल छातीशी लागतं आणि आमटीचा प्रत्येक घास लांबचा प्रवास करतो. सोफाच वापरायचा असेल तर त्यावर गादी दुमडून टाका, मऊ उशी नको, ती दबते.

दिवाणाची खोली जास्त असल्यामुळे पाठीला आधार मिळत नाही. मागे लोड लावा. दिवाणावर मुलं किंवा तरुण मंडळी बसवा, कारण मध्येच उठायचं तर सरकत बाहेर यावं लागतं. आजी-आजोबांना टोकाची, हातांची खुर्ची. डावखुरं कुणी असेल तर त्याला डाव्या हाताला शेजारी येणार नाही अशी जागा द्या, नाहीतर दोघांची कोपरं जेवण संपेपर्यंत भांडतात.

आणि स्वयंपाकघराच्या दाराशी सगळ्यांत जवळची जागा स्वयंपाक करणाऱ्याची. ‘तुम्ही बसा, मी मागून बसते’ हे वाक्य बहुतेक वेळा आग्रहाचं नसतं, मांडणीचं असतं: वाढायचं सगळं आत ओट्यावर असतं, म्हणून कुणालातरी उभं राहावं लागतं. त्या खुर्चीच्या उजव्या हाताला एक स्टूल मांडा. उंची साठ ते सत्तर सेंटीमीटर, वरचा भाग किमान ४० बाय ४० चा. आमटी, भात, पोळ्या आणि पाणी यावर. टेबलाच्या नऊ सेंटीमीटरांत जे मावत नव्हतं त्याची जागा ही.

कापड

जुनी सुती साडी या कामाला सर्वांत चांगली. पन्हा साधारण ११५ सेंटीमीटर असतो. ७५ च्या टेबलावर दोन्ही बाजूंना वीस-वीस लोंबतं, आणि बरोबर तेवढंच हवं असतं. लांबी १९० ठेवली की टोकांनाही वीस-वीस. साडेपाच मीटरच्या साडीतून अशी दोन कापडं निघतात आणि उरलेल्या १.७ मीटरमध्ये ४० सेंटीमीटरचे आठ रुमाल. काठ लांब बाजूंना येतात, तिथे शिवण घालायची गरज नाही. कापलेल्या बाजूच दुमडून टाका. इरकलीचा किंवा साध्या पट्ट्यापट्ट्यांच्या काठाचा रंग दिव्याच्या उजेडात खुलतो. पदर मात्र वापरू नका, त्यातल्या जरीवर ताट हलतं.

वीसपेक्षा जास्त लोंबू दिलं तर मांडीत येतं, आणि उठताना कापडासकट सगळं ओढलं जातं. शिवाय खाली अंधार होतो आणि डासांना तोच हवा असतो. या दिवसांत खिडक्या संध्याकाळी साडेपाच ते साडेसात बंद ठेवा आणि माणसं बसायच्या आधी टेबलाखाली एकदा हात फिरवून बघा.

कापडाखाली एक जुनी चादर अंथरा, चारही बाजूंनी टेबलापेक्षा थोडी लहान. तिने दोन कामं होतात: सांडलेलं पाणी शोषलं जातं, आणि स्टीलचं ताट लाकडावर ठेवताना होणारा खणखणाट जातो. सहा जणांच्या बारीकसारीक आवाजांनी छोटी खोली फार लवकर गजबजून जाते. हा एक आवाज काढून टाकला की बोलणं ऐकू येतं.

सोलापुरी चादर टेबलावर घालायचा मोह होतो, दिसतेही छान. पण जाड विणीत वरण शिरलं की निघत नाही. ती दिवाणावर घाला. पारदर्शक प्लास्टिक नकोच. ऑक्टोबरच्या घामात हाताला चिकटतं आणि दिव्याचा उजेड त्यावर चमकत राहतो.

उजेड

दिवाळीच्या सुमारास मुंबई-पुण्यात सहाच्या आसपास सूर्य मावळतो आणि साडेसहाला बाहेर पुरता अंधार होतो. म्हणजे जेवण दिव्याच्याच उजेडात होणार. हॉलमधली ट्यूब बहुधा ६५०० केल्विनची, निळसर पांढरी असते. ती छतातून थेट स्टीलवर आदळते, ताटं चकाकतात, चेहरे फिके पडतात आणि हिरवी चटणी राखाडी दिसते. ती बंद करा. त्याऐवजी २७०० केल्विनचे, खोक्यावर ‘वॉर्म व्हाइट’ लिहिलेले एलईडी बल्ब आणा. ५ ते ९ वॅटचे दोन पुरतात. एक टेबलावर, दुसरा दूर कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून, म्हणजे बाकीची खोली गुहेसारखी काळी राहत नाही.

टेबलावरचा दिवा कुणाच्या पाठीमागून येऊ देऊ नका, त्या माणसाची सावली त्याच्याच ताटात पडते. दिवा मध्यावर, टेबलापासून ७० ते ८० सेंटीमीटर वर हवा. यासाठी आकाशकंदील वापरा. बाल्कनीतल्या मोठ्या कंदिलाबरोबर एक लहान, २५-३० सेंटीमीटरचा कागदी कंदील आणा आणि त्यात ५ वॅटचा एलईडी घाला. जुना साठ वॅटचा तारेचा बल्ब कागदी कंदिलात कधीही घालू नये, तो कागद करपवतो. टांगायचा कुठे, हा खरा प्रश्न. पंख्याला नाही. डिस्टेंपरच्या भिंतीवर चिकटणारे हूकही टिकत नाहीत, रंगाच्या पापुद्र्यासकट खाली येतात. दिवाणाच्या मागे खिडकी असेल तर पडद्याच्या दांडीला एक बांबूची काठी बांधून पुढे काढा आणि तिच्या टोकाला कंदील. दांडीचे स्क्रू आधी हलवून बघा. जेवण झाल्यावर काठी बाजूला फिरवता येते, नाहीतर टेबल हटवल्यावर कंदील येणाऱ्याजाणाऱ्याच्या कपाळाला लागतो.

पणत्यांबद्दल स्पष्ट सांगायचं तर टेबलावर नकोत. पंखा चालू असतो, वाढणाऱ्याची ओढणी किंवा पदर पुढे येतो, हात ओलांडून जातात. पणत्या दाराशी किंवा खिडकीच्या कट्ट्यावर, पडद्यापासून किमान हातभर लांब. नव्या मातीच्या पणत्या चार-पाच तास पाण्यात भिजवून पूर्ण वाळवून घ्या. कोऱ्या पणत्या तेल पितात आणि खाली तेलाचं वर्तुळ उमटतं. भिजवल्यावरही प्रत्येकीखाली बशी हवीच. ज्योत टेबलावर हवीच असेल तर जाड बुडाच्या, पंधरा सेंटीमीटर उंच काचेच्या ग्लासात एक छोटी मेणबत्ती, आणि पंखा एक नंबरवर.

उदबत्ती जेवणाच्या तासभर आधी विझलेली असावी. बंद खिडक्यांत तिचा वास साजूक तुपाला मारून टाकतो.

फुलं, थोडक्यात

मधल्या नऊ सेंटीमीटरांत काय मावतं? साडेसात सेंटीमीटरची वाटी. तीन वाट्यांत बोटभर पाणी घालून प्रत्येकीत शेवंतीची दोन फुलं, देठ अगदी नखाएवढा ठेवून तरंगत सोडा. समोरच्याचा चेहरा झाकत नाही, वासही जेवणावर चढत नाही. झेंडू टेबलापासून दूर, दाराच्या तोरणात किंवा भिंतीवर. त्याचा उग्र वास भाताला येतो. तोडलेला झेंडू घरात घेण्याआधी उलटा धरून झटका, मुंग्या असतात. निशिगंध नको, बंद खोलीत डोकं चढतं. पारिजातक शरदाचा असला तरी संध्याकाळच्या टेबलाचा नाही: पहाटे वेचलेली फुलं दुपारीच माना टाकतात.

दसऱ्याच्या आधी दादरच्या फूलबाजारात भाताच्या लोंब्या मिळतात. कोकणात दसरा-कोजागरीच्या सुमारास ‘नवं’ बांधायची रीत आहे, लोंब्या, आंब्याची पानं, झेंडू, कुरडूची फुलं एकत्र. शहरी घरात त्या लोंब्यांची मूठभर जुडी सुतळीने बांधून भिंतीवर उलटी टांगली तर आठवड्यात वाळते आणि दिवाळीपर्यंत सोनेरी राहते. टेबलावर ठेवू नका, दाणे गळतात.

ताटाभोवती रांगोळीची महिरप टेबलावर काढू नये. पंख्याने पूड उडते आणि कोशिंबिरीत जाते.

ताट आणि वाढप

तीस सेंटीमीटरच्या ताटात पोळी आणि भात धरून तीनपेक्षा जास्त वाट्या बसत नाहीत. त्यामुळे बेत ठरवतानाच वाट्या मोजा: एक आमटी किंवा कढी, एक पातळ भाजी किंवा उसळ, एक गोड. सुकी भाजी ताटात. बासुंदी, कढी आणि रस्सा एकाच दिवशी करणारं घर मोठं लागतं.

सहा जणांना, पोटभर पण उरून फुकट न जाता: आमटी दीड लिटर (१५० मिलिलिटरच्या वाटीने पहिल्यांदा सगळ्यांना आणि दुसऱ्यांदा चौघांना), तांदूळ ४०० ग्रॅम, पोळ्या १८ ते २०, सुकी भाजी चिरण्याआधीची एक किलो, कोशिंबीर अर्धा लिटर, लिंबं दोन. घारगे करणार असाल तर पोळ्या बारा पुरतात. घारग्यांच्या पिठात पाणी घालायचं नाही. भोपळ्याच्या किसाला आणि गुळाला सुटलेल्या रसात मावेल तेवढीच कणीक. सैल भिजवलं तर घारगे तेल पितात.

मांडणी पानातलीच. मीठ वर मध्यभागी, त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, लोणचं, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, उसळ, आमटी. खाली समोर पोळी आणि मग भात. चाखायचं ते डावीकडे, जेवायचं ते उजव्या हाताजवळ. पाण्याचं भांडं ताटाच्या डावीकडे ठेवा. उजवा हात खरकटा असतो, आणि डाव्या हाताने उचललं की ते ताटावरून फिरत नाही. भांडं दोन-तृतीयांशच भरा.

क्रम असा ठेवा.

आदल्या रात्री: प्लाय, कापड, खुर्च्या मांडून प्रत्येक जागेवर स्वतः बसून बघा. सहा रिकामी ताटं ठेवा. जिथे ताट कोपऱ्यात अडतं तिथे आत्ताच खुर्ची सरकवा. दिवे लावून एकदा बघा, डोळ्यांवर येतोय का.

तासभर आधी: आमटी, भाजी तयार. पोळ्या होत असताना प्रत्येक पोळी जाळीवर मिनिटभर ठेवून मग डब्यात रचा; डब्यात खाली आणि वर सुती कापड. तव्यावरून थेट डब्यात टाकलेल्या पोळ्यांची वाफ झाकणाला लागून परत पडते आणि खालच्या दोन पोळ्या ओल्या होतात.

अर्धा तास आधी: ट्यूब बंद, कंदील चालू. डोळ्यांना सवय व्हायला वेळ लागतो. स्टुलावर आमटीचं पातेलं ठेवायचं ते जाड बुडाचं. आधी त्यात उकळतं पाणी पाच मिनिटं ठेवून ओतून द्या, मग आमटी घाला. वीस-पंचवीस मिनिटं तरी गरम राहते.

दहा मिनिटं आधी: ताटांत मीठ, लिंबू, लोणचं, चमचाभर चटणी. कोशिंबिरीत मीठ आत्ता घाला. आधी घातलं तर काकडीला पाणी सुटतं आणि ते ताटात वाहत भाजीपर्यंत येतं.

सगळे बसल्यावर: भाजी, पहिली पोळी, मग वाट्यांत आमटी. आमटीच्या वाट्या भरून टेबलावर नेऊ नका, खुर्च्या सरकताना हिंदकळतात. ताटं स्टुलाच्या बाजूने एकेक हातोहात पुढे द्या, दिवाणावरच्यांची आधी. पापड भाजून टोपलीत, सगळ्यांत शेवटी. पावसाळ्याची ओल अजून हवेत असते, दहा मिनिटांत पापड मऊ पडतो. तूप वाढायला लांब दांडीची पळी हवी, कारण दिवाणाच्या दूरच्या टोकापर्यंत हात पोहोचत नाही. भात दुसऱ्या फेरीत.

एका बेसिनवर सहा जणांची रांग लागते. आठ रुमालांतले सहा कोमट पाण्यात पिळून गुंडाळ्या करा आणि भात वाढताना स्टुलावर आणून ठेवा.

कोजागरीची गोष्ट वेगळी

रात्री दूध आणि फराळ असतो, ताट नसतं, तेव्हा प्लाय काढायची गरज नाही. १२० चं टेबल सहा जणांना भरपूर होतं. दीड लिटर म्हशीचं दूध रुंद, जाड बुडाच्या पातेल्यात सव्वा लिटरपर्यंत आटवा, तळापासून हलवत. एकदा तळाला लागलं की करपट वास मसाल्याने झाकत नाही. साखर शंभर ते सव्वाशे ग्रॅम. मसाल्याला बदाम वीस ग्रॅम, पिस्ते पंधरा, सात-आठ वेलदोडे, पाव जायफळ, केशराच्या पंधरा-वीस काड्या. बदाम-पिस्ते अगदी बारीक दळले तर त्यांना तेल सुटतं आणि दुधात गोळे राहतात, भरड ठेवा. स्टीलच्या पेल्यात गरम दूध हातात धरता येत नाही, कानाचे कप घ्या. बाल्कनीत चांदणं येत असेल तर पातेल्यावर मलमल बांधून अर्धा तास तिथे ठेवा. आणि दूध प्यायला आत परत येताना हॉलमधले दिवे लावायची घाई करू नका.

आठ-दहा जण असतील तर

मग टेबलाचा नाद सोडा. पाट १८ इंची, पुढे ताटाला पंधरा इंच, म्हणजे एका ओळीला साधारण ८४ सेंटीमीटर. समोरासमोर दोन ओळी आणि मध्ये वाढायला ७५ सेंटीमीटरची वाट, एकूण २४३. दहा फुटांत बसतं. माणसाला दोन फूट रुंदी धरली तर चौदा फुटांत सातची ओळ, दारासाठी एक जागा सोडली की सहा. बारा माणसं जमिनीवर मावतात त्याच खोलीत, जिथे टेबलावर सहाच मावत होती. त्यासाठी दिवाण आणि सोफा आतल्या खोलीत हलवावे लागतात. जेवणाचं टेबल स्वयंपाकघराच्या दाराशी वाढपाचं टेबल म्हणून ठेवा. गुडघे दुखणाऱ्यांची एक-दोन ताटंही त्याच्याच एका टोकाला लावा, म्हणजे ती माणसं पंगतीतच राहतात. कंदील इथे जमिनीपासून दीड मीटरवर आणता येतो, पण वाढणाऱ्याच्या वाटेत नाही, ओळीच्या टोकाला.

आवरताना

तेलाच्या डागावर लगेच कोरडं बेसन किंवा मैदा दाबा, पंधरा मिनिटांनी झटका, मग भांड्यांचा साबण. हळदीचा डाग साबण लागला की लालभडक होतो. घाबरून घासत बसू नका. धुऊन कडक उन्हात टाका, दोन-तीन उन्हांत फिकटतो, आणि ऑक्टोबरचं ऊन या एका कामाला फार चांगलं. ब्लीच नको, काठाचा रंग जातो.

प्लाय ओल्या फडक्याने पुसून, पूर्ण वाळवून कपाटामागे उभा ठेवा. बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, पावसाळ्यात ती ओल धरते आणि पुढच्या दसऱ्याला प्लाय वाकलेला निघतो.